एका एकराचे कुंपण

(श्रीमंत उपनगरे आणि समतेचा प्रश्न या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)

३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत नभोवाणीवरून एक श्रुतिका प्रसारित झाली. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवर ती बेतलेली होती आणि ऑर्सन वेल्स या तरुण नटाने ती सादर केली होती. मंगळावरील प्राणी पृथ्वीवर उतरल्याचे तीत बातमीपत्राच्या थाटात सांगितले जात होते, आणि ते उतरल्याचे ठिकाण म्हणून न्यू जर्सी राज्यातील ग्रोव्हर्स मिल या खेड्याचे नाव घेतले गेले. काही श्रोते खरोखरच घाबरले. मूळ कादंबरीचा लेखक समाजवादी विचारांचा होता. पुढे काही वर्षे तो फेबियन सोसायटीचा सभासदही होता. परग्रहावरील स्वारीची गोष्ट सांगताना, युरोपीय वसाहतवाद्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांची काय दशा केली याचे स्मरण त्याने वाचकांना करून दिले होते. श्रोत्यांच्या लक्षात राहिली ती स्वारी.

हे ग्रोव्हर्स मिल आज वेस्ट विंडसर या टाउनशिपचा एक भाग आहे. तेथील बागेत त्या काल्पनिक स्वारीचे स्मारक १९८८ साली उभारण्यात आले. भोवतालची बटाट्याची आणि मक्याची शेते बव्हंशी नाहीशी झाली असून त्यांच्या जागी प्रशस्त घरे, हिरवळी आणि रुंद रस्ते आले आहेत. अमेरिकेतील सधन उपनगराचा नमुना म्हणून या गावाकडे पाहता येईल. तेथे कोण राहतो, कोण राहू शकत नाही, आणि हे कोण ठरवतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. गाव दूरचे असले तरी प्रश्न दूरचा नाही. या गावात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात; आणि ज्या तत्त्वावर ते गाव उभे आहे ते तत्त्व ठाणे-पुण्याच्या आसपास सुखेनैव मूळ धरीत आहे.

प्रथम गावाचे स्वरूप पाहू. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन महानगरांच्या साधारण मध्यावर, मर्सर परगण्यात ते वसले आहे. १९७० च्या जनगणनेत त्याची वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास होती. २००० साली ती बावीस हजारांच्या घरात गेली आणि २०२० साली २९,५१८ झाली. या पन्नास वर्षांत गावाचा वर्णही पालटला. एके काळी जवळजवळ संपूर्ण गोऱ्यांची असलेली ही वस्ती आज सुमारे निम्मी आशियाई वंशाची आहे. त्यांत भारतीय आणि चिनी कुटुंबे प्रमुख होत. कुटुंबाचे मध्यम उत्पन्न देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे. मात्र कृष्णवर्णीयांचे प्रमाण, जे राज्यात शंभरात तेराच्या आसपास आहे, ते येथे शंभरात पाचांच्याही आत आहे. आकड्यांचा हा शेवटचा जोड ध्यानात ठेवावा. कारण पुढील सर्व कथा त्याचीच आहे.

गावाचा दिवस प्रिन्स्टन जंक्शन या स्टेशनावर सुरू होतो. पहाटेपासून मोटारी येऊन उभ्या राहतात. स्टेशनाजवळच्या वाहनतळाचा परवाना मिळण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढली आहेत. येथून न्यूयॉर्कचे पेन स्टेशन गाडीने तासाभराहून थोडे अधिक. बँका, विमा कंपन्या, औषधांचे कारखाने, संगणकाची कामे करणाऱ्या कचेऱ्या येथे चाकरी करणारी ही माणसे सकाळी घर सोडतात ती दिवेलागणीला परततात. आपल्याकडील डोंबिवलीच्या चाकरमान्याची आणि यांची जात एकच. फरक इतकाच की यांना बसायला जागा बहुधा मिळते आणि घरी परतल्यावर अंगण मिळते. दुपारी रस्त्यावर पायी चालणारा माणूस दृष्टीस पडला तर तो बहुधा महाराष्ट्रातून वा आंध्रातून सहा महिन्यांसाठी आलेला कुणाचा तरी वडील असतो. मोटार चालवता येत नाही, भाजीचे दुकान तीन मैलांवर, बोलायला शेजारी नाही. म्हणून आजोबा वळणापर्यंत जातात आणि परत येतात. आजी नातवंडे सांभाळते. हे श्रम कोणत्याही जनगणनेत मोजले जात नाहीत.

परंतु गाव दुपारी ओस नसते. सकाळी जसा एक प्रवाह बाहेर पडतो तसा दुसरा आत येतो. छोट्या ट्रकांमागे यंत्रे जोडून ग्वाटेमाला, एक्वाडोर, मेक्सिको येथून आलेले मजूर गवत कापायला येतात. घरे झाडणाऱ्या आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया येतात. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या, उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यात राबणारे, दुकानांत माल रचणारे येतात. यांतील बरेच जण ट्रेंटनहून येतात. ट्रेंटन ही राज्याची राजधानी. याच परगण्यात, रेल्वेने अवघ्या दोन स्टेशनांवर. एके काळी ते गिरणी-कारखान्यांचे शहर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे पोलादी दोर तेथील रोबलिंग कंपनीने पुरवले. ट्रेंटन घडवते आणि जग घेते, अशा अर्थाची मोठी अक्षरे डेलावेअर नदीवरील पुलावर अजूनही झळकतात. कारखाने गेले, अक्षरे राहिली. आज तेथील लोकसंख्येत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांची मोठी बहुसंख्या असून कुटुंबाचे मध्यम उत्पन्न वेस्ट विंडसरच्या एक-तृतीयांशाच्या आत आहे. दोन स्टेशनांच्या अंतरात एवढी दरी. दिवसा ज्यांचे हात गावाला हवे असतात, रात्री त्यांची अंथरुणे गावाला नको असतात, हे या व्यवस्थेचे सार आहे.

कोणी म्हणेल, यात अन्याय कोणता? ज्याला परवडते तो तेथे राहतो. बाजाराचा नियम आहे. हे उत्तर सोयीचे आहे, पण इतिहासाला धरून नाही. ही उपनगरे बाजाराने निर्माण केलेली नाहीत. ती शासनाने, कायद्याने आणि सार्वजनिक पैशाने निर्माण केलेली आहेत.

१९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्या जमिनीवर काय बांधावे हे ठरवण्याचा गावांचा अधिकार मान्य केला. स्वतंत्र घरांच्या वस्तीत अनेक बिऱ्हाडांची इमारत म्हणजे जवळजवळ बांडगूळच, अशी त्या निकालाची भाषा होती. १९३४ साली गृहकर्जांना हमी देणारी सरकारी यंत्रणा स्थापन झाली. तिने मध्यमवर्गाला घराचे मालक केले. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना हमी नाकारली आणि मिश्र वस्ती ही कर्जाला धोका मानली. १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांचे जाळे विणले गेले आणि शहर सोडून दूर राहणे सुलभ झाले. ट्रेंटनच्या समोर, नदीपलीकडे, पेन्सिल्व्हेनिया राज्यात लेव्हिटटाउन ही हजारो घरांची वसाहत १९५२ पासून उभी राहिली. तिच्या विकासकाने कृष्णवर्णीयांना घरे विकली नाहीत. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने एका मूळ मालकाकडून घर विकत घेतले, तेव्हा घराबाहेर रोज रात्री जमाव जमू लागला, दगड फेकले गेले. विल्यम मायर्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. त्याची ऐपत होती. बाजाराचा नियम त्याने पाळला होता.

१९६८ साली घरविक्रीतील वर्णभेद कायद्याने निषिद्ध झाला. मग कुंपणाचे रूप बदलले. आता वर्णाचा उच्चार करण्याची गरज उरली नाही. एका घरासाठी किमान एक एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने चाळीस गुंठे जमीन पाहिजे. घराचे क्षेत्रफळ अमुकहून कमी नको. दोन-तीन बिऱ्हाडांची इमारत नको. शयनगृहे अधिक असलेली भाड्याची घरे नकोत, कारण त्यांत मुले असतात आणि मुलांना शाळा लागते. असे नियम गावोगावच्या नगरपालिकांनी केले. नियम निसर्गरक्षणाच्या भाषेत लिहिलेले होते. परिणाम एकच: शिक्षकाला, परिचारिकेला, बसचालकाला, मोलकरणीला त्या गावात घर नाही.

शाळेचा संबंध येथे येतो. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत. ती चांगली म्हणून घरांच्या किमती चढतात. किमती चढल्या की गरीब अधिकच दूर जातो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून अनेक निकालांनी हे चक्र भेदण्याचा प्रयत्न केला आणि ट्रेंटनसारख्या शहरांच्या शाळांना राज्याच्या तिजोरीतून भरीव साहाय्य देण्यास भाग पाडले. तथापि पैसा पाठवणे निराळे आणि मुलांना एका वर्गात बसवणे निराळे. मुले वेगवेगळ्या गावांतच राहिली.

या पार्श्वभूमीवर माउंट लॉरेलचा लढा उभा राहतो. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. माउंट लॉरेल हे त्याच राज्यातील, फिलाडेल्फियाजवळचे शेतकरी गाव. तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत होती; शेतमजुरी करीत होती. साठीच्या दशकात गावाचे उपनगर होऊ लागले. मोडकळीला आलेली घरे राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करण्यात येऊ लागली, आणि त्या लोकांसाठी नवी स्वस्त घरे बांधण्याची योजना पुढे आली तेव्हा नियमांनी ती अडवली. ज्यांना येथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, असे महापौराने १९७० साली त्यांच्याच चर्चमध्ये येऊन सुनावले. श्रोत्यांत एथेल लॉरेन्स नावाची बाई होती. बालवाडीत काम करणारी, अनेक मुलांची आई. तिच्या घराण्याची मुळे त्या गावात सभेतील अनेकांच्या आधीची होती. ती न्यायालयात गेली.

१९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रदेशातील अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी लागणाऱ्या घरांचा न्याय्य वाटा प्रत्येक विकसनशील गावाने उचललाच पाहिजे. जमीनवापराचा अधिकार हा सर्व जनतेच्या कल्याणासाठी आहे, केवळ आत असलेल्यांच्या सुखासाठी नाही, असे त्याचे तात्पर्य होते. गावांनी निकाल मानला नाही. १९८३ साली न्यायालयाने अधिक कठोर उपाय सांगितला: जो बांधकाम व्यावसायिक पुरेशी सवलतीची घरे, साधारणतः पाचात एक, बांधण्यास तयार असेल त्याला गावाचे नियम बाजूस सारून बांधण्याची मुभा न्यायालय देईल. १९८५ साली कायदा झाला, पण त्यातच एक पळवाट ठेवण्यात आली. श्रीमंत गावाने गरीब शहराला पैसे द्यावेत आणि आपल्या वाट्याची निम्मी घरे त्या शहराच्या गळ्यात बांधावीत, अशी सोय झाली. दारिद्र्य आपल्या हद्दीत येऊ नये म्हणून दिलेला हा नजराणाच. ती सोय रद्द व्हायला २००८ साल उजाडले.

वेस्ट विंडसर या कथेबाहेर नाही. १९९३ साली एका मोठ्या बांधकाम कंपनीने गावावर दावा लावला. गावाचे नियम असे आहेत की सवलतीची घरे प्रत्यक्षात उभी राहण्याची वास्तव शक्यताच नाही, असे न्यायालयांना आढळले आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल कायम केला. येथे समाजवादी विचाराच्या माणसाने एक गोष्ट स्वच्छ पाहिली पाहिजे. गरिबाच्या घराचा प्रश्न नफेखोर विकासकाच्या खांद्यावर बसून न्यायालयात गेला. चार घरे चढ्या भावाने विकण्याची संधी मिळाल्यावर पाचवे घर गरिबाला मिळते. हा मार्ग अपुरा आहे. शासनाने स्वतः घरे बांधण्याचे कर्तव्य टाळल्यामुळे तो निघाला. तरीही त्यातून हजारो कुटुंबांना छप्पर मिळाले, हेही नाकारता येणार नाही.

एथेल लॉरेन्स १९९४ साली वारली. तिच्या नावाची वसाहत माउंट लॉरेलमध्ये २००० साली राहती झाली. पुढे तेथील घरांची संख्या १४० पर्यंत गेली. विरोधकांनी सांगितले होते की गुन्हे वाढतील, कर वाढतील, घरांच्या किमती कोसळतील. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीचा सविस्तर अभ्यास २०१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आसपासच्या तशाच गावांशी तुलना करता गुन्हे, कर आणि किमती यांत कोणताही विपरीत फरक त्यांना आढळला नाही. वसाहतीत आलेल्या कुटुंबांचे मात्र उत्पन्न वाढले, मुलांना चांगली शाळा आणि अभ्यासाला निवांतपणा मिळाला. शेजारच्या अनेक रहिवाशांना तर अशी वसाहत आपल्या गावात आहे याचा पत्ताही नव्हता. ज्या स्वारीची धास्ती तीस वर्षे बाळगली ती कधी झाली हे कळलेच नाही!

आता आपल्या माणसांकडे वळू. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय हे गोरे नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र आहेत, असे ठरवले. तो दरवाजा १९४६ साली किलकिला झाला आणि १९६५ च्या कायद्याने उघडला. त्याच वर्षी, त्याच काँग्रेसने कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा कायदा संमत केला, हा निव्वळ योगायोग नव्हे. वंशावरून माणसाची लायकी ठरवणे लाजिरवाणे आहे, ही जाणीव नागरी हक्कांच्या चळवळीने देशाच्या गळी उतरवली होती. पुण्या-मुंबईहून गेलेला अभियंता वा डॉक्टर विमानातून उतरला तो या चळवळीने मोकळ्या केलेल्या वाटेवर. त्याचे शिक्षण बहुधा भारतातील सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेत झालेले होते. आज त्याच्या दिवाणखान्यात मात्र हे सारे आपल्या बुद्धीचे आणि कष्टाचे फळ आहे अशी भाषा ऐकू येते. बुद्धी आणि कष्ट खोटे नाहीत. परंतु गवत कापणाऱ्याचे कष्ट कमी आहेत काय?

आणि या यशाची किंमत मुले चुकती करीत आहेत. वेस्ट विंडसर आणि शेजारचे प्लेन्सबरो यांच्या संयुक्त शाळांचे प्रमुख डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी २०१५ साली पालकांना एक दीर्घ पत्र लिहिले. परीक्षांचा आणि स्पर्धेचा ताण मुलांच्या मनःस्वास्थ्यावर कसा घाव घालतो आहे हे त्यांनी मांडले. सत्राच्या मोठ्या परीक्षा रद्द केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त केल्या. पालकांत दुफळी झाली. ताण कमी झाला म्हणून सुखावणारे एकीकडे. शिक्षणाची पातळी घसरते आहे, आपल्या मुलांची शिडी काढून घेतली जाते आहे, असे म्हणणारे बरेचसे आशियाई पालक दुसरीकडे. ज्या शाळेसाठी चाळीस गुंठ्यांचे कुंपण राखायचे, त्याच शाळेत आपली मुले रात्र रात्र जागतात. कुंपण आतल्यालाही मोकळे ठेवीत नाही.

शिवाय या कुटुंबांतील अनेकांच्या डोक्यावर दुसऱ्या कुंपणाची टांगती तलवार आहे. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी भारतीयांना दशकानुदशके थांबावे लागते. मूल एकवीस वर्षांचे झाले की आईबापांच्या अर्जावरचा त्याचा हक्क जाऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लादण्याची घोषणा झाली, तेव्हा अनेक घरांत झोप उडाली. देशाच्या वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला आत घेण्याविषयी जो युक्तिवाद ही मंडळी करतात, तोच युक्तिवाद ट्रेंटनचा बसचालक गावाच्या वेशीवर करीत असतो. एक न्याय्य आणि दुसरा घुसखोरीचा, असे कसे म्हणता येईल?

विरोधकांच्या साऱ्याच शंका खोट्या आहेत असे नाही. शाळांचे वर्ग भरतात, रस्त्यांवर गर्दी होते, उरलीसुरली शेती नष्ट होते. पण ज्या गावाने पन्नास वर्षांत साडेचार पट वस्ती सामावली, मोठमोठ्या बंगल्यांखाली शेते घातली, त्याला शेतीची आठवण सवलतीच्या घरांच्या वेळीच का व्हावी? स्टेशनाजवळ दाट वस्ती केली तर जमीनही कमी लागते आणि मोटारीही. मार्च २०२४ मध्ये राज्याने नवा कायदा करून २०२५ ते २०३५ या दशकासाठी प्रत्येक गावाचा वाटा ठरवण्याची रीत आखून दिली. काही गावांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अनेकांनी आराखडे केले. त्या आराखड्यांवर गावोगावी सभा होतात. मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाला शेकडोंनी जमणारी माणसे अशा सभेला जातात का, आणि गेली तर कोणत्या बाजूने हात वर करतात, यावर त्यांच्या लोकशाहीची परीक्षा व्हायची आहे.

मित्रहो, परीक्षा त्यांचीच नाही. १९७६ साली आपण नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा केला, तो पळवाटांनी पोखरला आणि २००७ साली महाराष्ट्रात रद्द केला. २०१३ साली शासनाने नियम केला की मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा अधिक जमिनीवरील गृहप्रकल्पात वीस टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावीत. चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. वीस टक्के म्हणजे पाचात एक. न्यू जर्सीतील तेच आकडे! आणि पळवाटही तीच जातीची: नाशिकमध्ये या वाट्याची घरे म्हाडाच्या हाती आलीच नाहीत, हा प्रश्न २०२२ साली विधिमंडळात गाजला. दरम्यान ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, पुण्याच्या हिंजवडी-बाणेरकडे, पहारेकऱ्यांच्या वेशीआड नव्या नगरी उभ्या राहत आहेत. तेथे घरकाम करणाऱ्या बाईला फाटकावर नोंद करावी लागते, अनेक इमारतींत तिच्यासाठी उद्वाहकही निराळा असतो. ती येते लांबच्या चाळीतून, दोन बस बदलून. तिने त्याच आवारात घर मागितले तर?

हा प्रश्न दयेचा नाही, नागरिकत्वाचा आहे. ज्या गावात माणूस घाम गाळतो त्या गावात निजण्याचा त्याचा हक्क आहे, असे एका बालवाडीतल्या बाईने एका राज्याच्या न्यायासनाकडून वदवून घेतले. त्याला पन्नास वर्षे झाली. आपल्या शहरांत तो वीस टक्क्यांचा नियम कागदावर आहे. प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या फाटकाशी जाऊन ती पाचातली एक घरे कोठे आहेत, हे नावनिशीवार विचारणे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे, एवढे काम तरी कार्यकर्त्यांनी उद्यापासून हाती घ्यावे.